चार इंच उंच खुर्ची

प्रिय गोटी,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर कशाचीच तक्रार नाही. हे फोनवर बोलायचं ठरवलं होतं, चार वेळा फोन लावलाही. पण तू "बोला बाबा" म्हणतेस, मागे तुझ्या चष्म्याच्या दुकानात कुणीतरी "पुसट दिसतंय, अजून पुसट दिसतंय" करत असतं, आणि मी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवून देतो. म्हणून शेवटी कागद घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली आणि पोटच्या पोरीला पत्र लिहायचं तर हा पाचवा कागद आहे. आधीचे चार टोपलीत आहेत. त्यातले दोन तर फार सुरेख उतरले होते, म्हणूनच फाडले.

तुला माहीत आहे की प्रकाशकाने गळ घातली आणि मी आत्मचरित्र लिहायला बसलो. तू तेव्हा म्हणाली होतीस, "लिहा, पण मला त्यात घेऊ नका." मी हसलो होतो. मुलीला वगळून बापाने आत्मचरित्र लिहायचं म्हणजे काय, असं मी कुणाला तरी फुशारकीने सांगितलंही. आता ते हसणं माझ्याच अंगाशी आलंय, पण तिथवर सरळ पोचता येत नाही. माझ्या डोक्याचा पार गुंता झालाय. तू धीर धर आणि मी भरकटलो तर भरकटू दे.

पहिली आठ प्रकरणं झरझर लिहून झाली. रंगभूमीचे दिवस लिहिताना तर मजा आली. माझ्या पहिल्या नाटकाची गोष्ट तू शंभर वेळा ऐकली आहेस, तरी एकदा ऐक. सेटच्या दाराला सकाळी रंग दिला होता आणि प्रयोगापर्यंत दार चौकटीला घट्ट चिकटलं. नायक बाहेरून ढकलतोय, दार हलेना. शेवटी गडी खिडकीतून आत आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आई, मी परत आलोय." प्रेक्षक पोट धरून हसले. मी त्या रात्री रडणार होतो, पण दुसऱ्या दिवशी ते दार खिळे ठोकून कायमचं बंद केलं आणि नायकाला रोज खिडकीतूनच आणला. नव्वद प्रयोग झाले. समीक्षकांनी लिहिलं की घराची दारं बंद झालेल्या पिढीचं हे प्रतीक आहे. मीही मान डोलावली. तेव्हापासून सवयच लागली, जे हाताशी येईल ते उचलायचं आणि आपणच ते योजलं होतं असं सांगायचं.

उचलण्याची माझी पद्धत तू लहानपणापासून पाहिलीस. वही, कात्री आणि डिंकाची बाटली. कुणी काही बोललं, दुधवाला असो, शेजारीण असो, तुझी आई असो, की ते वहीत शब्दशः उतरवायचं. पुढे नाटकात किंवा पटकथेत कुठे बसलं तर वहीतून तेवढी पट्टी कापायची आणि संहितेवर चिकटवायची. नंतर त्याहून बरं वाक्य सुचलं तर त्याच पट्टीवर दुसरी पट्टी. आपल्या घरातल्या सगळ्या वह्यांना खिडक्या पडलेल्या असायच्या. तुझी आई म्हणायची, "या घरात तोंड उघडायचं तर आधी कात्री लपवावी लागते." आणि मी तेही लिहून घ्यायचो.

तर, नववं प्रकरण. तुझ्या आईची शेवटची सकाळ. ते मी एका बैठकीत लिहिलं, एक शब्द खोडला नाही. संपादक बाईंकडे पाठवलं आणि म्हटलं, पुस्तकाचा कणा हाच. चार दिवसांनी ते परत आलं. समासात बारीक पेन्सिलने लिहिलेलं, "हा तुमच्या तिसऱ्या चित्रपटातला प्रसंग आहे. घरी काय झालं होतं?" माझी अशी सटकली म्हणतेस. मी फोन करून बाईंना सुनावलं की चित्रपटात आहे तो प्रसंग माझ्याच घरातून घेतलाय, मूळ ते आणि नक्कल ही, एवढंही तुम्हाला कळू नये? बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्ही लिहिलंय की तुमच्या पत्नींनी निळा पडदा सरकवायला सांगितला. पण दुसऱ्या प्रकरणात तुम्हीच लिहिलंय की त्यांनी घरात कधी पडदे लावू दिले नाहीत." मी दुसरं प्रकरण काढून पाहिलं. खरंच लिहिलं होतं. आपल्या खिडक्यांना पडदे नव्हतेच, गोटी. तुझ्या आईला उजेड अडवलेला चालायचा नाही. तो निळा पडदा कलादिग्दर्शकाने आणला होता. शिवताना त्याची किनार तिरपी गेली म्हणून मी त्याला ओरडलोही होतो.

एका पडद्याने काय होतं, असं मी स्वतःला म्हटलं. पडदा घुसला असेल, बाकी तर माझं आहे. आणि ते अगदी स्वच्छ आठवतं मला. सकाळचा तिरपा उजेड. मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसलोय. कपाटाच्या खणाची पितळी मूठ माझ्या नाकासमोर आहे, तिच्यात खिडकी वाकडी दिसते. माझे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. तुझी आई डोळे उघडते आणि म्हणते, "पडदा थोडा सरकव, तुझा चेहरा दिसू दे." मी तिचा हात धरून ठेवतो. बस. तीस वर्षं मी हे जवळ बाळगलंय. ज्या दिवशी काहीच जमत नाही, चित्रपट पडतो, माणसं फोन उचलत नाहीत, त्या दिवशी निदान तिच्याजवळ मी होतो, एवढं म्हणून मी निजतो.

आता वाच परत. माझे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. सहा फुटांचा माणूस मी.

चित्रीकरणाच्या दिवशी काय झालं होतं ते तुला कधी सांगितलं नसेल. नवऱ्याचं काम करणारा नट उंचपुरा होता. तो त्या खुर्चीवर बसला आणि मला ते खोटं वाटायला लागलं. का, ते सांगता येईना. अख्खं युनिट ताटकळत उभं, आणि मी नुसता फेऱ्या मारतोय. मग मी सुताराला बोलावून खुर्चीचे पाय चार इंचांनी वाढवायला लावले. सुतार म्हणाला, "साहेब, या खुर्चीवर बसून कुणी धड जेवूसुद्धा शकणार नाही." पण नटाचे पाय अधांतरी लोंबायला लागले आणि माझ्या जिवात जीव आला. कॅमेराही मी खाली आणायला लावला, खणाच्या मुठीच्या उंचीवर. कॅमेरामन कुरकुरला, पण ऐकलं त्याने. तो प्रसंग गाजला. अधांतरी पाय म्हणजे पुरुषाची असहायता, असं लोकांनी लिहिलं. विद्यार्थ्यांना तो दृश्यबंध शिकवतात म्हणे. मी मुलाखतींत सांगत आलो की अशा गोष्टी आतून येतात. कुठून आतून, हे ना कुणी विचारलं ना मी पाहिलं.

बाईंना तोंडघशी पाडायचं म्हणून मी आपल्या जुन्या निर्मिती व्यवस्थापकाकडे गेलो. भाऊ, आठवतात ना, तुला उचलून ट्रॉलीवर बसवायचे ते. आता ऐकू कमी येतं, पण डायऱ्या सगळ्या वर्षवार लावून ठेवल्यात. मी त्या सकाळची तारीख सांगितली. त्यांनी पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. दुसऱ्या चित्रपटाचं काम, नदीवरच्या पुलाखाली. पहिला शॉट नऊ वाजून दहा मिनिटांनी. निरोप आला पावणेबाराला. मी म्हटलं, भाऊ, तारीख चुकली असेल. ते म्हणाले, "साहेब, मीच तुम्हाला गाडीत घातलं. वाटेत तुम्ही सारखं विचारत होतात की पुढच्या शॉटचे लाईट उतरवले का. आणि दार उघडल्यावर घरभर जळक्या दुधाचा वास, तो पण विसरलात?" मी वाद घातला. म्हातारपणी माणसाने भांडू नये इतका भांडलो. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

घरी परत येताना मी दोन वेळा चुकीच्या गल्लीत शिरलो. मला खरंच कळेना. मी पुलाखाली होतो तर खुर्चीवर कोण होतं? आणि मी खुर्चीवर नव्हतो तर मूठ मला दिसते कशी? तुझ्याकडे माणसं येतात, तू एक भिंग लावतेस, दुसरं लावतेस आणि विचारतेस, "आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" मला दोन्ही सारखंच स्पष्ट दिसत होतं. पुलाखालची ओली वाळूसुद्धा आता आठवायला लागली, पण ती भाऊंनी सांगितली म्हणून की खरंच, कोण जाणे. मी पुलाचं एक दृश्य पुढे एका नाटकात घातलं होतं, म्हणजे तिथेही माझ्या आठवणीचा भरवसा नाही. ज्याला मी हात लावला ते सगळं मी दुरुस्त करून ठेवलंय, गोटी. माझ्या लग्नाचासुद्धा दिवस मी आता शपथेवर सांगू शकणार नाही, कारण तो दोन नाटकांत आहे.

मग ट्रंक उघडली. त्या वर्षाची वही मिळाली. एका पानावर माझं अक्षर, पण शब्द माझे नव्हते. तसंच्या तसं उतरवतो. "मी खुर्चीवर बसले होते. पाय टेकत नव्हते म्हणून हलवत होते. खणाची मूठ इथे होती, नाकापाशी. तिच्यात खिडकी वाकडी दिसते. आईने डोळे उघडले. आई म्हणाली" आणि पुढे कात्रीची खिडकी. पट्टी कापलेली. बाजूला समासात तीन लागोपाठच्या तारखा, म्हणजे मी तुला एकदा नाही, तीन दिवस तेच सांगायला लावलं. तिसऱ्या तारखेपुढे लिहिलंय, "आता सांगत नाही." आणि त्याखाली, पुढे कधीतरी वेगळ्या शाईने, "मुलगी शाळेत. खुर्चीवर नवरा."

तू नऊ वर्षांची होतीस. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सांगायचीस, आणि मी खालच्या पायरीवर मांडीवर वही घेऊन बसायचो. हे मला आता दिसतंय. की आत्ताच रचलं, देव जाणे. पण अक्षर माझं आहे, ते तरी कुणी रचलेलं नाही.

पुढचा गाढवपणा ऐक. ती कापलेली पट्टी कुठे गेली असेल हे मला माहीत होतं. तिसऱ्या चित्रपटाची संहिता काढली. त्या पानावर पट्ट्यांचा चांगला जाड थर, सगळ्यात वर तो पडदा आणि चेहरा. मी किटली उकळली आणि वाफेवर पान धरलं. एकेक पट्टी सुटत गेली. सगळी माझी वाक्यं, एकाहून एक गोळीबंद. आणि सगळ्यात खालची, तुझी, सुटली खरी, पण वाफेने शाई पसरून नुसता निळा डाग झाला. पंचेचाळीस वर्षं कागदाशी खेळलेला माणूस मी, शाई वाफेने फुटते हे मला सुचू नये? भिंग लावून, उजेडात धरून पाहिलं. एक शब्द लागतो. "दूध". बाकी गेलं. तुझ्या आईचं शेवटचं वाक्य आधी मी झाकलं आणि मग उघडायला जाऊन पुसलं.

तुझ्या घरी मागे आलो होतो तेव्हाची गोष्ट आठवली. गॅसवर दूध होतं आणि तू पातेल्यासमोर उभी. मी काहीतरी विचारलं, तू वळली नाहीस. जावई हळूच म्हणाले, "दूध तापत असताना तिच्याशी कुणी बोलायचं नसतं, बाबा." मी तुला दुधाची चौकीदार म्हणून चिडवलं आणि सगळ्यांना ते नाव आवडलं. तू मात्र गॅस बंद करेपर्यंत पातेल्यावरची नजर हलवली नाहीस.

आणि चित्रपटाचा पहिला खेळ. तू बारा वर्षांची, नवीन बूट घातलेले. तो प्रसंग सुरू झाला आणि तू उठून बाहेर गेलीस. मी नंतर शोधत आलो तर तू पाण्याच्या यंत्रापाशी भिंतीला टेकून उभी होतीस. लोक अभिनंदन करायला आले होते, मी त्यांना सांगितलं की पोरीला आईची आठवण आली. कुणी कुणी डोळे पुसले. तुझ्या खुर्चीवर मी दुसऱ्याच माणसाला बसवलं होतं आणि तुला शाळेत पाठवून दिलं होतं, हे तुला बाराव्या वर्षी कळलं. मला त्र्याहत्तराव्या वर्षी एका पेन्सिलच्या खुणेमुळे कळतंय.

आता एक प्रसंग सांगतो. हा मी कधीच कशात वापरला नाही, म्हणून तो जसाच्या तसा आहे असं मला वाटतं. त्याच दिवशीची दुपार. घर माणसांनी भरलेलं. तुझी आत्या स्वयंपाकघरात ते काळं पडलेलं पातेलं घासत होती. सकाळी औषध आणायला खाली गेली होती ती, मंद आचेवर दूध ठेवून. तिचंही डोकं ठिकाणावर नव्हतं, तिला मी दोष देत नाही. तू दारात उभी होतीस आणि ती तुला म्हणाली, "एवढी नऊ वर्षांची घोडी, जवळ असून नाकात वास गेला नाही? आईने सांगितलं तरी उठवत नव्हतं का?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्यामागे दोन पावलांवर होतो. आणि मी मूग गिळून उभा राहिलो. काय विचार करत होतो? मला वाटतं मी ते वाक्य लक्षात ठेवत होतो.

नववं प्रकरण मी काढून टाकलं आहे, बाईंना तसं कळवलं. पुस्तक आठ प्रकरणांचं निघो नाहीतर न निघो. हे पत्र तुला "आई काय म्हणाली" हे विचारायलाच सुरू केलं होतं, टोपलीतल्या चार कागदांत तेच आहे. ते आता विचारणार नाही. ते वाक्य तुझं आहे, तीन दिवस तू ते मला दिलंस आणि मी त्याचं काय केलं ते तू पडद्यावर पाहिलंस. पण दूध जळलं होतं, गोटी. भाऊंना वास आठवतो, मला पातेलं आठवतं. तुझ्या आईने दूध बघ म्हटलं असेल, आणि तरी ते पार काळं होईपर्यंत जळलं, म्हणजे तू उठली नाहीस. तू त्या खुर्चीवरच होतीस. कदाचित मी हेही रचत असेन, तू गेली असशील, परत आली असशील, मला काही म्हणजे काही नक्की सांगता येत नाही. गेली असलीस तरी स्वयंपाकघरापर्यंतच गेलीस, आणि मी पुलाखाली पुढच्या शॉटचे लाईट बघत होतो. त्या दुपारी आत्यासमोर मी एकच वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते इतकं साधं होतं की मी ते कुठल्याच संहितेत लिहिलं नसतं. तेवढ्यासाठी हे पत्र. ते तीस वर्षं उशिरा म्हणतो, तुझ्या आत्याने ऐकलं नाही तर नाही, तू तरी ऐक. "तिला बोलू नकोस, ती आईजवळ बसली होती."

त्या सकाळी घरी नव्हतो, तरी तुझाच,
बाबा